आपला की आमचा

सहा शेजारी देशांचं एकमेकांशी कधी धड पटलं नाही, पण मानवी हक्कांसाठी त्यांनी एक सामाईक न्यायालय मात्र काढलं. तिथल्या काचेच्या खोलीत बसून दुभाषीबाई अकरा वर्षं साक्षीदारांची दुःखं 'मी' म्हणून बोलत आल्या होत्या. नियमच तसा होता. त्यांचं स्वतःचं 'मी' ऐकायला घरात फक्त चार भिंती होत्या.

त्या दिवशी त्यांच्याच भाषेतला एक म्हातारा शिंपी साक्षीला उभा राहिला. त्याचा मुलगा पोलीस कोठडीत मेला होता आणि देशातल्या सगळ्या कोर्टांचे उंबरे झिजवून तो इथवर आला होता. काचेकडे बघत तो म्हणाला, "बाई, आपला पोरगा गेला हो!"

'आमचा' नाही, 'आपला'! या न्यायालयाच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द. चोख काम करायच्या हट्टापायी बाईंनी फोड करून सांगितलं, "बाई, तुमचा आणि माझा मुलगा गेला."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "दुभाषी साक्षीदाराच्या नात्यातल्या आहेत का?"

"नाही. माझं कुणीच नाही," बाई बोलून गेल्या.

काचेआडून आलेलं प्रत्येक 'मी' साक्षीदाराचं, या नियमाप्रमाणे लेखनिकाने तेही वाक्य शिंप्याच्या तोंडी घातलं. दुपारी त्याला जबानी वाचून दाखवताना बाई तिथे अडखळल्या.

"हे तुमचं नाही, माझं आहे. खोडायला सांगते."

शिंप्याने सहीसाठी पेन उचललं. "राहू द्या की बाई. एका ओळीत दोघांचं भागतंय."