सनदेआधीचा अर्ज

पदवीचं प्रमाणपत्र पोस्टाने घरी आलं, तेव्हा ते पहिल्यांदा वडिलांनी वाचलं. वडिलांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. त्यामुळे कौतुक करण्याआधी त्यांनी चष्मा पुसला आणि ओळ न् ओळ तपासली. शेवटच्या ओळीशी त्यांचं बोट थांबलं.

"थोरले, तू कायद्याच्या कॉलेजात कधी गेलीस?"

"तीन वर्षांपूर्वी. का?"

"मग पाच वर्षांपूर्वी कायद्याची पदवीधर कशी झालीस?"

धाकट्या भावाने कागद हिसकून घेतला आणि हसून हसून लोळायचाच बाकी राहिला. "ताई जन्मजात वकील आहे! परीक्षा उगाच दिली."

थोरलीला हसू आलं नाही. कायद्याच्या परीक्षेत ती विद्यापीठात तिसरी आली होती. एका नावाजलेल्या वकीलबाईंनी तिच्यासाठी आपल्या कार्यालयात एक टेबल राखून ठेवलं होतं. "महिनाअखेरपर्यंत सनद घेऊन ये, पुढे मी थांबणार नाही," असं बजावलंही होतं. आणि सनदेच्या कचेरीत बसलेल्या गृहस्थांनी प्रमाणपत्र पाहून ते दोन बोटांनी परत सरकवलं. "प्रवेशाच्या आधी पदवी? हे दुरुस्त करून आणा. आम्ही चमत्कारांची नोंद करत नाही."

मग सुरू झाल्या विद्यापीठाच्या चकरा.

खिडकी क्रमांक चारवरच्या कारकुनाला रांगेतले लोक 'बघू' म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो आधी "बघू" म्हणायचा आणि मग काहीच बघायचा नाही. पहिल्या दिवशी बघूने कॉलेजचं पत्र मागितलं. कॉलेज म्हणालं, विद्यापीठाने मागितल्याशिवाय आम्ही पत्र देत नाही, तसं लेखी आणा. ते आणायला गेली तर बघू जेवायला गेलेला. पत्र एकदाचं मिळालं, तेव्हा त्याला शपथपत्र हवं होतं.

"चूक तुमची. मी शपथेवर काय सांगू?"

"हेच, की चूक तुम्ही केली नाही."

तेही तिने दिलं. चौथ्या खेपेला बघूने जाडजूड नोंदवही उघडली, प्रमाणपत्र शेजारी धरलं आणि समाधानाने मान हलवली. "बघा, आमच्या नोंदीत हेच साल आहे. म्हणजे प्रमाणपत्र बरोबर. तुम्ही प्रवेशाची तारीख बदलून घ्या, सगळं जुळेल."

थोरलीने कपाळाला हात लावला. इतकी वर्षं घोकलेले निवाडे आणि कलमं त्या खिडकीच्या गजांपुढे निमूट उभी होती, आणि तीही. रागावलं तर काम अडेल, या भीतीने ती दर वेळी "बरं, साहेब" म्हणून परतायची आणि घरी येऊन भावावर खेकसायची.

सहाव्या खेपेला बाकावर तिच्या शेजारी एक नर्स येऊन बसली. तीन तासांचा प्रवास करून आली होती. तिच्या प्रमाणपत्रावर नाव तिचं होतं, गुणही तिचे. फोटो मात्र एका दाढीवाल्या माणसाचा.

"खिडकीवर काय म्हणाले?" थोरलीने विचारलं.

"म्हणाले, हा फोटो तुमचा नाही हे सिद्ध करा."

नर्स हे अगदी शांतपणे म्हणाली. मग पिशवीतून तिने रुग्णालयाचं नेमणूकपत्र काढून दाखवलं. सोमवारी सकाळी हजर न झाल्यास नेमणूक रद्द. आज शुक्रवार होता.

स्वतःसाठी इतके दिवस दाबून ठेवलेला थोरलीचा संताप या परक्या बाईसाठी एकदम उसळला. ती तरातरा तळमजल्यावरच्या विक्रीकेंद्रात गेली आणि विद्यापीठाच्या नियमांचं पुस्तक मागितलं. विक्रेत्याने ते शोधून, फुंकर मारून दिलं. जिन्यातच बसून तिने पानं चाळली. नियम होता. विद्यापीठाच्या हातून झालेली चूक पंधरा दिवसांत दुरुस्त व्हावी. निकडीचा लेखी पुरावा असल्यास त्याच दिवशी. हे काम कुलसचिवांचं, खिडकीचं नव्हेच.

तिने नर्सच्या नावाने अर्ज लिहिला, नेमणूकपत्राची प्रत जोडली आणि नर्सचा हात धरून सरळ कुलसचिवांच्या दारात उभी राहिली. शिपाई "भेटीची वेळ घेतली का?" म्हणेपर्यंत दोघी आत होत्या.

कुलसचिवांनी अर्ज वाचला. दाढीवाल्याकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं. मग थोरलीला विचारलं, "तुम्ही यांच्या वकील?"

"नाही साहेब. तुमच्या कृपेने अजून नाही."

तिने स्वतःची कहाणी पहिल्या "बघू"पासून सांगितली. आवाज चढला होता, पण तिने तो उतरवला नाही. कुलसचिवांनी नियमाचं पान दोनदा वाचलं, बहुधा पहिल्यांदाच वाचत होते, आणि बघूला बोलावून घेतलं. चार वाजता नर्सच्या हातात नवं प्रमाणपत्र होतं, तिच्या स्वतःच्या चेहऱ्यासकट. तिने थोरलीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि बस चुकू नये म्हणून धावत सुटली.

"आता माझं?" थोरलीने विचारलं.

"निकडीचा लेखी पुरावा?"

तो नव्हता. टेबल राखून ठेवल्याचं वकीलबाई फक्त तोंडी बोलल्या होत्या. तोंडी आश्वासनाची किंमत काय, यावर थोरलीने परीक्षेत चार पानं लिहिली होती. "मग आजच्या अर्जापासून पंधरा दिवस," कुलसचिव म्हणाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. याचाच तिला जास्त राग आला.

पंधराव्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, साल बरोबर होतं. वडिलांनी तीनदा तपासलं. मग सनद झाली. तोवर नवा महिना लागून आठवडा उलटला होता.

"टेबल दिलं दुसऱ्याला," वकीलबाई मान वर न करता म्हणाल्या. "सांगितलं होतं मी. एवढे दिवस काय करत होतीस?"

थोरलीने नर्सच्या अर्जाची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. वकीलबाईंनी पेन उचललं, तीन ठिकाणी गोल केले. "इथे नियमाचा क्रमांक नाही. इथे 'कृपया' दोनदा आलंय. आणि शेवटी तारीखच नाही. वाईट मसुदा आहे." त्या थांबल्या. "त्याच दिवशी काम झालं?"

"चार वाजता."

"कपाटाजवळ एक खुर्ची आहे. टेबल नाही, मांडीवर लिहावं लागेल. चालेल?"

"चालेल."

"मग बसू नकोस. कोर्टाच्या नकला विभागातून या निकालाची प्रत आण. तीन महिने नुसते हेलपाटे घालायला लावतायत."

थोरलीने त्या खटल्याची फाइल काखोटीला मारली. जिना उतरतानाच तिचं डोकं तापायला लागलं होतं, आणि तिसऱ्या पायरीवर उभं राहून तिने नकलेचा अर्ज लिहायला घेतला आणि सगळ्यात आधी त्यावर तारीख घातली.