कवळीवाल्याच्या गाडीचा उजवा दिवा

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीचा उजवा दिवा आहे. सगळे मला काच म्हणतात, पण मी प्लास्टिकचा आहे. एवढी एक गोष्ट वेळेवर कुणी ध्यानात घेतली असती, तर मला आज तुमच्यासमोर तोंड उघडावं लागलं नसतं.

कारखान्यात मला साच्यातून काढलं तेव्हा मी पाण्यासारखा नितळ होतो. तिथे माझ्यावर एक पारदर्शक लेप चढवला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण उन्हाचा मार खायचं काम त्याचंच असतं. तो निघाला की माझं प्लास्टिक पिवळं पडतं, मग धुरकट होतं, आणि आतला बल्ब कितीही जळला तरी रस्त्यावर उजेड पडत नाही.

आमचे मालक कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि हे दात घडवतात. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चालतं. खिडकीपाशी टेबल, टेबलावर कवळ्या चमकवायचं, गरगर फिरणारं कापडाचं चाक, वाटीत त्यासाठी लागणारी दगडाची ओली भुकटी आणि फळीवर ओळीने मांडलेले गुलाबी जबडे. गाडी त्याच खिडकीसमोर उभी असते, त्यामुळे या घरातलं एकही भांडण माझ्या कानांतून सुटलेलं नाही.

दर शनिवारी काम आटोपलं की मालक आक्काकडे निघायचे. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच यांना न्हाऊमाखू घालून मोठं केलं. ती वीटभट्टीच्या पलीकडे एकटी राहायची. तिची कवळीही मालकांनीच केलेली. हिरड्या झिजल्या की कवळी टोचायची, आणि आक्का दुसऱ्या कुणाला तोंडात बोट घालू द्यायची नाही.

"बाळ्या, अख्ख्या जगाला दात देतोस आणि सख्ख्या बहिणीला टोचणी!" असं म्हणून ती कवळी काढून त्यांच्या हातात द्यायची. मालक दारातल्या पायरीवर बसून ती कानशीने हलकेच घासायचे. त्या रस्त्यावर विजेचा एकही खांब नव्हता. जाता-येता जो काही उजेड होता, तो माझा आणि माझ्या डाव्या भावाचा. त्या दिवसांत मला फार अभिमान वाटायचा, मित्रांनो.

पण गाडीचं तोंड कायम दुपारच्या उन्हाकडे. रंग उडू नये म्हणून मालक टपावर आणि बॉनेटवर चादर टाकायचे. चादर आमच्यापर्यंत पोचायची नाही. रंगाची काळजी सगळ्यांना असते, कारण रंग शेजाऱ्यांना दिसतो. आमचा लेप कुणाला दिसणार? तो जागोजागी सुटला आणि मी पिवळा पडलो.

गॅरेजवाला म्हणाला, "काका, घासून वर नवा लेप मारून देतो. तासाभराचं काम."

मालक हसले. "अरे, प्लास्टिक चमकवायला तू मला शिकवतोस? माझी हयात गेली त्यात."

आणि एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी आम्हाला दोघांना काढून त्या कापडी चाकावर धरलं. खोटं कशाला बोलू, मी असा चमकलो की कारखान्यातही चमकलो नव्हतो. मालकीणबाई ओट्यावरून ओरडल्या, "अहो, गाडीला नवी कवळीच बसवलीत की!" सगळे हसले. मालकांची छाती फुगली.

पण होता नव्हता तो लेपही त्या चाकावर गेला. कवळी तोंडात राहते, ओलाव्यात आणि अंधारात. तिला ऊन माहीत नसतं. मी दिवसभर उन्हात उभा. हा फरक मालकांच्या लक्षातच आला नाही. ते मूर्ख नव्हते हो. आपल्याला सगळं येतं या खात्रीने माणूस जितका आंधळा होतो, तितका मोतीबिंदूनेही होत नाही.

काही महिन्यांत मी पुन्हा धुरकटलो, आधीपेक्षा जास्त. मालक रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचे. ओला असलो की मी स्वच्छ दिसतो, कारण पाणी माझ्या बारीक चऱ्यांमध्ये भरतं. ते समाधानाने मान हलवून आत जायचे. मी वाळायचो आणि पुन्हा दुधाळ व्हायचो, तोवर ते कामाला बसलेले असायचे.

मग एका शनिवारी, दिवेलागणीला, वीटभट्टीजवळ एक सायकलवाला अगदी समोर आल्यावर मालकांना दिसला. त्यांनी करकचून ब्रेक मारला. तो माणूस सायकलीसकट शेजारच्या चरात गेला. लागलं नाही, पण कपडे झटकत तो ओरडला, "ओ आजोबा, डोळे काय घरी ठेवून आलात?"

ते वाक्य मालकांच्या काळजात रुतलं. घरी येताच ते खिडकीपाशी जाऊन बसले. "मला दिसलाच नाही गं तो," ते बायकोला म्हणाले.

"दिव्यांचं बघा जरा," असं कुणी म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. कुणी म्हणालं नाही. मालकच म्हणाले, "दिवे तर मी स्वतः चमकवलेत. माझेच डोळे गेले."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. तर मालकीणबाई म्हणाल्या, "त्यांना काय जातंय सांगायला? उद्या कुणी गाडीखाली आलं तर ते येणारेत का?" दिवसभर केसाएवढी फट हेरून दात बसवणारा माणूस, त्याचे डोळे घराने एका संध्याकाळच्या प्रसंगावरून निकालात काढले. गाडीची किल्ली मुलाकडे गेली.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी नेतो ना आत्याकडे. त्यात काय एवढं?"

त्यात एवढंच, की त्याला कधी वेळच मिळाला नाही. मालक म्हणाले, बसने जातो. तर सगळे हसले, "बसची पाटी कोण वाचणार?" त्या हसण्याला माझ्या लेखी क्षमा नाही. एखाद्याला तू आंधळा आहेस असं रोज सांगा, तो जिनाही चाचपडत उतरायला लागतो. मालक तसे उतरायला लागले.

आक्काचा फोन यायचा. मालक खिडकीपाशीच बोलायचे, त्यामुळे तिचा आवाजही मला ऐकू यायचा.

"बाळ्या, खालची बाजू टोचतेय रे."

"येतो आक्का, येत्या शनिवारी. पोरगा आणणारे."

"मागल्या शनिवारी काय पोरगा नव्हता?"

पुढे पुढे ती म्हणायची, "राहू दे. कवळी काढूनच ठेवलीय. पातळ काहीतरी पिते मी. तू डोळ्यांना जप." आणि एके दिवशी फोन आला तो तिच्या शेजारणीचा. आक्का झोपेतच गेली होती. मुलाला त्या दिवशी वेळ मिळाला. तो सगळ्यांना घेऊन गेला, भर दुपारी, लख्ख उन्हात.

त्यानंतर बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी सून पहिल्यांदा गाडी घेऊन बाहेर पडली आणि कोपऱ्यावरूनच परत आली. तरणीताठी, चष्मा नसलेली मुलगी. "अहो, मला समोरचं काहीच दिसत नाही! तुम्ही चालवता कशी ही गाडी?"

मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "दिवे मंदच आहेत गं. मी वरचा झोत लावून चालवतो."

खिडकीतलं चाक थांबलं. मालक बाहेर आले. "तुला माहीत होतं?"

"त्यात माहीत काय असायचंय, बाबा? जुनी गाडी आहे..."

मालक माझ्यासमोर वाकले आणि त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला.

दुसऱ्या दिवशी सुनेने सामान आणलं. आमच्याभोवतीच्या रंगाला कागदी चिकटपट्टी लावली, आम्हाला धुतलं, आणि पाणी शिंपडत आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपरने घासलं. पिवळं, दुधाळ पाणी ओघळलं. मालक शेजारी स्टुलावर बसून पाहत होते.

"मागे तुम्ही केलंत तेव्हा वर काय लावलं होतंत, बाबा?"

"वर?" मालकांनी विचारलं. "वर काय लावायचं असतं?"

सुनेने लेपाची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, बाटलीवरचं बारीक अक्षर, चष्मा न लावता, शेवटपर्यंत.

मित्रांनो, दिवा घासता येतो. पेपर, पाणी, लेप आणि एक दुपार, बस्स. पण घरातलं कुणी म्हणालं की मला दिसत नाही, तर लगेच त्याच्या म्हातारपणावर बोट ठेवू नका. त्याच वेळी, त्याच रस्त्यावर, एकदा त्याच्यासोबत जा. दोघांनाही दिसलं नाही, तर दोष डोळ्यांचा नाही. एवढीही तसदी घेता येत नसेल, तर त्याला जपतोय असं निदान म्हणू नका.

लेप वाळल्यावर, अंधारून येताना, सुनेने मालकांना गाडीत बसवून किल्ली फिरवायला लावली. समोरची भिंत वीट न् वीट उजळली.

"दिसतंय, बाबा?" तिने विचारलं.

"सगळं दिसतंय," मालक म्हणाले. "आता कुठे जाऊ?"