दुकानातली म्हातारी

थोरल्याने तपासणीचं बटण पुन्हा दाबलं आणि पुन्हा तीच लाल ओळ आली. एकशे चौदा गेम हिरवे झाले होते. हा एकटाच अडून बसला होता.

धाकट्याने आपल्या सगळ्या गेमच्या प्रती काढून दोन हार्ड डिस्कवर ठेवल्या होत्या. एकदा एका आवडत्या डिस्कवर ओरखडा उमटला, तेव्हापासून तो ताकही फुंकून पिऊ लागला होता. प्रत्येक प्रतीचा एक लांबलचक आकडा निघतो. तो अस्सल डिस्कच्या आकड्याशी जुळला तर प्रत शाबूत. आत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी आकडा पार बदलतो. हार्ड डिस्कच्या डबीवर त्याने किरट्या अक्षरात नियमच चिकटवला होता: जुळलं नाही तर पुसायचं, नव्याने काढायचं, दोन्हीकडे.

धाकट्याला जाऊन तीन महिने झाले होते. थोरला परवाच रजा काढून आला होता. गेममधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण दुकानांतली वजनंमापं तपासण्यात त्याची उभी नोकरी गेलेली. जुळवाजुळव त्याला जमत होती. भावाचं काहीतरी धड राहावं, एवढंच त्याला हवं होतं. दवाखान्याच्या फेऱ्यांत हे एक बिचाऱ्याचं राहून गेलं असणार, असं त्याला वाटलं. त्याने कपाटातून मूळ डिस्क शोधली, पुसली, नवी प्रत काढली. हिरवी ओळ आली. जुनी प्रत त्याने दोन्हीकडून कायमची पुसून टाकली. नियम म्हणजे नियम.

दुपारी जेवण उरकून आई टीव्हीसमोर येऊन बसली.

"झालं का रे तुझं? माझा तो गावाचा गेम लावून दे."

"तू कधीपासून खेळायला लागलीस?"

"खेळतेय कसली. दुकानापर्यंत जाते नि परत येते. त्याने तेवढंच शिकवलंय."

थोरल्याने लावून दिला. मघाचाच गेम होता तो. पडद्यावरची बाहुली दोनदा भिंतीला धडकली, विहिरीला वळसा घालून दुकानात शिरली आणि गल्ल्यामागच्या म्हातारीसमोर उभी राहिली. आईने बटण दाबलं. म्हातारीच्या तोंडी इंग्रजी ओळ उमटली. आईने चष्मा सारखा केला आणि पुन्हा दाबलं.

"आज ही भलतंच काय बोलतेय?"

"एरवी काय बोलते?"

"आई, गोळी घेतलीस का? असं विचारते. त्यानेच बसवून दिलंय तिच्या तोंडी. म्हणाला, मी विसरलो तरी ही विसरायची नाही."

थोरला डबीवरच्या किरट्या अक्षरांकडे बघत राहिला.

"बिघडलं असेल काहीतरी," आई म्हणाली. "तू तपासतोयस ना सगळं, त्यात सापडेल बघ."

"सापडलं होतं," तो म्हणाला. ते इतकं हळू होतं की आईला ऐकू गेलं नाही.

तो उठला, आत गेला आणि पाण्याचा पेला भरून आणला. आईच्या डाव्या मुठीत गोळी होती. उजव्या हाताने ती बटण दाबतच होती.

"घे आई," त्याने पेला पुढे केला. "गोळी घे."

"थांब जरा," पडद्यावरची नजर न काढता आई म्हणाली. "आधी तिला विचारू दे."