पासष्ट बटणं

पोहण्याच्या तलावाची लांबी पंचवीस मीटर नव्हती. ती चोवीस मीटर शहाऐंशी सेंटिमीटर होती. भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या निळ्या अक्षरात पंचवीस लिहिलं होतं, आणि त्या पाटीवर भरवसा ठेवून माणसं वर्षानुवर्षं निर्धास्त पोहत होती. वहिनींनी मात्र प्रयोगशाळेतली पोलादी फीत आणली आणि तलाव रिकामा असताना तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

"काकू, आजवर कुणाची तक्रार आली नाही," फितीचं दुसरं टोक धरून बसलेला जीवरक्षक म्हणाला.

"ही तक्रार नाही. नोंद आहे."

"मग त्या चौदा सेंटिमीटरचं मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. मी करते."

त्यांनी केलं ते असं. साठ लांब्या पोहल्या की दीड हजार मीटर होतात असं सगळे धरून चालत. खरं म्हणजे त्यात आठ मीटर चाळीस सेंटिमीटर कमी पडत होते. म्हणून वहिनी एकसष्ट लांब्या पोहू लागल्या. एकसष्ट हा विषम आकडा, त्यामुळे त्यांचं पोहणं पलीकडच्या टोकाला संपे आणि तिथे शिडी नव्हती. त्या काठावर पोट टेकवून, एकेक पाय वर ओढत बाहेर येत. तेवढा वेळ जीवरक्षक सभ्यपणे आकाशाकडे बघत राही.

नणंद त्यांना वहिनी म्हणायची. ते ऐकून ऐकून सगळी गल्ली म्हणू लागली आणि शेवटी नवराही कधीमधी चुकून म्हणून जाई. वय अठ्ठावन्न. नोकरी वजनंमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. तिथे काचेच्या पेटीत ठेवलेलं एक किलोचं वजन चिमट्यानंच उचलायचं, कारण बोटाचा घाम लागला तरी ते जड होतं. अशा जागी तीस वर्षं काढलेल्या बाईला डॉक्टरनं चार वर्षांपूर्वी सांगितलं, "जरा चालत जा." जरा म्हणजे किती, हे त्यानं सांगितलं नाही. वहिनींनी स्वतः ठरवलं. चालण्याचं धावणं झालं, नवऱ्याची माळ्यावरची सायकल खाली आली, आणि सायकलवरून पडून गुडघा दुखावला तेव्हा बसून काय राहायचं म्हणून पोहणं सुरू झालं. तीन गोष्टी जमल्या की त्याला ट्रायथलॉन म्हणतात, हे त्यांना नंतर कळलं.

शहराबाहेरच्या धरणावर दर वर्षी ती शर्यत होई. दीड हजार मीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धावणं. पोहण्याला पंचेचाळीस मिनिटं. तेवढ्यात जो पाण्याबाहेर येणार नाही त्याला होडीत घालून काठावर आणत आणि हातात केळं देत. वहिनींनी तीन वर्षं तयारी केली होती आणि तीन वर्षांत एकदाही नाव दिलं नव्हतं. पहिल्या वर्षी सायकलचे ब्रेक, दुसऱ्या वर्षी डावा घोटा. यंदा वेळ. काही केल्या सत्तेचाळीस मिनिटं पन्नास सेकंदांच्या खाली ती येत नव्हती.

"फॉर्मचं लोणचं घालायचंय का?" गुरुवारी संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं. तो निवृत्त भूगोल शिक्षक. बसल्या जागेवरून जग बघायची त्याला सवय होती.

"वेळ खाली आली की भरीन."

"उद्या पाच वाजता मुदत संपते. पुढच्या वर्षी धरणाची दुरुस्ती आहे, पाणी सोडून देणार. मग शर्यत थेट चार वर्षांनी. चार वर्षांनी तू बासष्टची."

"बेरीज येते मला."

"तयारीतच म्हातारी होशील."

"झालेच आहे."

"मग अडचण काय?"

वहिनी भांडी घासायला उठल्या.

तेवढ्यात नणंद वरून खाली आली, हातात बटणांचे दोन डबे घेऊन. ही नवऱ्याची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर तिचं शिवणकामाचं दुकान. वहिनींच्या लांब्या मोजायचं काम तिचं, कारण पोहताना वहिनींचा आकडा विसाच्या पुढे हमखास चुके. मनगटावरचं घड्याळ आणून पाहिलं होतं. एकाच अंतराला ते एकदा अठ्ठावन्न म्हणालं, एकदा त्रेसष्ट. वहिनींनी ते नवऱ्याला देऊन टाकलं. आता ते त्याला रोज सांगे की तो चौदाशे पावलं चालला, त्यातली बहुतेक खुर्ची ते फ्रीज. नणंदेची पद्धत साधी होती. पलीकडच्या टोकाला स्टूल टाकून बसायचं, एका डब्यातलं बटण प्रत्येक लांबीला दुसऱ्या डब्यात टाकायचं. डबा रिकामा झाला की नारिंगी फडकं पाण्यात सोडायचं. वहिनींनी ते पाहून थांबायचं. मधल्या वेळात ती दोन साड्यांना फॉल लावी.

"वहिनी, उद्या सकाळी मला जमायचं नाही. गिऱ्हाईक येतंय मापाला, बाई पुण्यवान आहे, दर वेळी पोट आत ओढून माप देते आणि मग माझ्याच नावानं खडे फोडते. दादाला घेऊन जा. हे डबे."

"मी?" दादा म्हणाला.

"बटणं टाकायचीत. समुद्र ओलांडायचा नाहीये."

नणंद वर गेली. वहिनींनी हात पुसले आणि डबा उघडला. संशय म्हणून नव्हे. त्यांच्या हातात मोजता येणारी वस्तू आली की ती मोजली जायची, इतकंच. त्यांनी बटणं ओट्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडली.

पासष्ट.

पुन्हा मोजली. मग उलट बाजूनं मोजली. मग जिना चढून वर गेल्या.

नणंद टेबलावर कापड पसरून खडूनं रेघा मारत होती.

"वन्सं, डब्यात किती बटणं असतात?"

"एकसष्ट. आणि माया."

"कसली माया?"

"शिलाईला ठेवतो ती. चार बटणं." नणंदेनं मान वर केली नाही. "कोरं सुती कापड पाण्यात घातलं की आटतं. कुठलंही माप बेतून कापू नये, थोडं हाताशी ठेवावं. तुम्ही म्हणालात एकसष्ट, मी पासष्ट घेतली. चार अशासाठी की तीन घेतली असती तर तुम्ही भलत्याच टोकाला जाऊन निघाला असता आणि मी इकडे फडकं घेऊन बसले असते."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवसापासून. का, कमी पडली?"

वहिनी स्टुलावर बसल्या. मनातल्या मनात गणित झालंच होतं, पण त्यांनी खडू मागून घेतला आणि टेबलाच्या कडेला लिहून पाहिलं. पासष्ट लांब्यांना सत्तेचाळीस पन्नास. म्हणजे एकसष्टला चव्वेचाळीस मिनिटं त्रेपन्न सेकंद.

नणंदेनं आकडे वाचले. तिला त्यातलं निम्मंच कळलं, पण जे कळलं ते पुरेसं होतं. ती कात्री ठेवून खाली बसली.

"म्हणजे तीन महिने मी तुम्हाला शंभर मीटर फुकट पोहवलं?"

"नव्याण्णव मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर."

"आणि तुम्ही रोज घरी येऊन तोंड पाडून बसायचात ते माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे नाही."

"मग झालं की. वेळ बसते तुमची. भरा फॉर्म. दादाला सांगू?"

वहिनींनी खडूचा आकडा बोटानं पुसला, मग बोट रुमालाला पुसलं.

"वहिनी?"

"आपल्या तलावाच्या तळाला काळी रेघ आहे," वहिनी म्हणाल्या. "तिच्यावरून जायचं. रेघ संपली की भिंत येते. धरणात खाली बघितलं की नुसतं हिरवं दिसतं. स्वतःचा हातसुद्धा कोपरापर्यंतच."

"तुम्हाला काय माहीत?"

"तीन वर्षांपूर्वी गेले होते. एकटीच. छातीएवढ्या पाण्यात उभी राहिले, डोकं आत घातलं आणि परत आले. यांना सांगितलं, पाणी गार होतं."

नणंद पुढे सरकली. "म्हणजे ते ब्रेक आणि तो घोटा..."

"ब्रेक खरंच खराब होते."

"आणि घोटा?"

"आठ दिवसांत बरा झाला होता."

नणंदेच्या तोंडाला हसू येत होतं, ते तिनं टाचणी दातात धरून अडवलं. "मला विचारू नका हो, मला पाय ओले झाले तरी सर्दी होते. पण एवढं सांगा, आता उद्या कोणतं कारण काढणार?"

"उद्या आधी मोजते," वहिनी म्हणाल्या. "हिशेबानं काढलेला आकडा आणि मोजलेला आकडा एक नसतो."

"मोजा," नणंद म्हणाली, आणि डब्यातली चार बटणं काढून घेतली.

शुक्रवारी सकाळी सहा वाजता वहिनी पाण्यात उतरल्या. नवऱ्याला त्यांनी स्टूल, डबे, फडकं आणि पलीकडचं टोक नीट दाखवून दिलं. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना पाण्यातूनही जाणवलं की नवरा तिथे नाही. तो अलीकडच्या टोकाला, जीवरक्षकाच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला होता, कारण त्या खुर्चीला टेकायला पाठ होती. त्या पोहत राहिल्या. हात नेहमीसारखे पडत होते. श्वास तिसऱ्या हाताला. खाली काळी रेघ येत होती आणि जात होती. आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे जरा रागानं पाहिलं.

नारिंगी फडकं पाण्यात पडलं तेव्हा त्या अलीकडच्या टोकाला होत्या. गळ्यातलं घड्याळ दाबलं. पंचेचाळीस मिनिटं दहा सेकंद.

वहिनींनी शिडी धरली, पण चढल्या नाहीत.

"एकसष्ट लांब्या इकडे संपत नाहीत," त्या म्हणाल्या.

"एक बटण उरलंय," नवऱ्यानं प्रामाणिकपणे डबा दाखवला. "पण तू तर इकडे आलेलीस. एका बटणासाठी तुला परत तिकडे कुठे पाठवू?"

"म्हणजे साठ झाल्या."

"साठ. किंवा बासष्ट."

"किंवा म्हणजे?"

"मी दोन-दोन टाकत होतो, तू आलीस की दोन. मध्ये एकदा हा म्हणाला की वारा डोंगराकडून येतो, मी म्हटलं सकाळी वारा डोंगराकडून येईलच, पण दुपारी... तर तेव्हा तू येऊन गेलीस. तेव्हाची टाकली की राहिली, ते नक्की सांगता येत नाही."

"माझी चूक, काकू," जीवरक्षक म्हणाला. "मला वाऱ्यातलं काही कळत नाही."

वहिनी पाण्यात उभ्या राहून हिशेब करत होत्या. साठ झाल्या असतील, तर एकसष्टला पंचेचाळीस पंचावन्न. होडी. केळं. बासष्ट झाल्या असतील, तर चव्वेचाळीस सव्वीस. दोन्ही आकडे तितकेच खरे आणि तितकेच निरुपयोगी होते. एकसष्ट झाल्या नव्हत्या, एवढी एकच गोष्ट शंभर टक्के सिद्ध झाली होती.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

"मला बासष्ट वाटतं."

"का?"

"तू थकलेली दिसत नाहीस."

"ही पद्धत नव्हे."

"नाही," नवरा म्हणाला. "पण मी तुला तेहेतीस वर्षं बघतोय. नोंदी ठेवल्या नाहीत, एवढंच." त्यानं टॉवेल पुढे केला. "आणि हे बघ, त्या दिवशी पाणी गार नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. तू धरणावरून घरी आलीस तेव्हा केस पुढूनच ओले होते."

वहिनींनी टॉवेल घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. जीवरक्षक पुन्हा आकाशाकडे बघू लागला, पण या वेळी त्याची गरज नव्हती, कारण त्या हसत होत्या.

पुन्हा पोहायला वेळ नव्हता. दहा वाजता प्रयोगशाळेत वजनं यायची होती. ती आली, आणि वहिनींनी दिवसभर चिमट्यानं वजनं उचलली आणि ठेवली. प्रत्येक वजनाच्या दाखल्यावर त्या दोन आकडे लिहीत, एक मोजलेला आणि दुसरा तो किती इकडेतिकडे असू शकेल याचा. तीस वर्षं त्या हे लिहीत आल्या होत्या. दुसरा आकडा शून्य लिहिलेला दाखला आजवर त्यांच्या हातून गेला नव्हता. तसा कुणी आणून दिला असता तर त्यांनी तो खोटा ठरवून परत पाठवला असता.

साडेचार वाजता त्यांनी हातमोजे काढले आणि शर्यतीच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडची मुलगी घाईत होती.

"वय?"

"अठ्ठावन्न."

"पोहायला अंदाजे किती वेळ लागतो?"

"चव्वेचाळीस सव्वीस ते पंचेचाळीस पंचावन्न."

"काकू, इथे एकच चौकोन आहे."

"मग पंचेचाळीस लिहा."

"पंचेचाळीसला तर वेळ संपते."

"माहीत आहे."

कीबोर्डची टकटक थांबली. "आधी खुल्या पाण्यात पोहलायत?"

"नाही. एकदा आत जाऊन परत आले."

"घाबरायचं काही नाही, नाव दिलेल्यांचा पाच रविवार धरणावर सराव असतो. होडी शेजारी असते. पहिल्या रविवारी निम्मे लोक तुमच्यासारखेच परत येतात. पण बघा, जागा थोड्या आहेत. विचार करायचा असेल तर पाच वाजेपर्यंत फोन करा. नाहीतर आत्ताच लिहू का नाव?"

काचेच्या पेटीपलीकडून शिपाई घड्याळाकडे बोट दाखवत होता, कुलूप लावायची वेळ झाली होती. वहिनींनी त्याला हातानंच थांब म्हटलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मी धरणात उतरणार आहे."