साठ फुटांची जागा

ताईचं घर हायवेपासून अर्ध्या मैलावर होतं आणि अकरा वर्षांत तो तिथे एकदाही गेला नव्हता. भांडण वगैरे काही नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तो तिच्या घराजवळूनच जायचा, पण साठ फुटी ट्रेलर घेऊन. स्कूटर कुठेही टेकवता येते, ट्रेलर नाही. सुट्टी मिळाली की ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, स्वतःच्या घरी, बायकोमुलांत संपायची. बहीणभाऊ भेटायचे ते नात्यातल्या लग्नांत. एरवी तिच्या घराजवळच्या हायवेच्या पुलावरून जाताना तो दोनदा हॉर्न मारायचा आणि ताई शिलाई मशीन थांबवून खिडकीतून हात हलवायची. तो हात पुलावरून दिसत नाही, हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी दोनपासून तो जागा शोधत होता. कंपनीच्या नियमाने पाचच्या आत गाडी उभी करून दहा तास विश्रांती घेणं भाग होतं. गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवायचं. पहिल्या ट्रक थांब्यावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. दुसऱ्यावर एक जागा दिसली म्हणून तो हरखून वळला, तर तिथे छोटी मोटार आडवी लावून एक कुटुंब निवांत फोटो काढत होतं. तिसऱ्याच्या रखवालदाराने लांबूनच हात हलवून नकार दिला. पेट्रोल पंपवाला डिझेल भरून होईपर्यंत गोड बोलला, मग त्याने बाहेरचा रस्ता दाखवला.

पंपावरूनच त्याने ताईला फोन केला, तोही फक्त गाऱ्हाणं सांगायला. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीची लांबी-रुंदी विचारली. साठ फूट, साडेआठ फूट, असं त्याने सांगताच तिने फोन ठेवून दिला.

वीस मिनिटांनी तिचाच फोन आला. त्यांच्या गल्लीच्या टोकाला लाकडाची वखार होती आणि आज तिची साप्ताहिक सुट्टी. वखारवाल्याच्या पँटी ताईच लहानमोठ्या करायची, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नव्हतं. सकाळी सातपर्यंत जागा खाली करायची, एवढीच त्याची अट होती.

"फाटक बारा फूट चार इंच आहे, आतलं अंगण सत्तर फूट," ताई म्हणाली. "मी टेप लावून बघितलंय. तू ये."

माप अचूक होतं. फक्त फाटकाच्या आधी एक काटकोनी वळण होतं आणि ते काही तिने मोजलं नव्हतं. शिंप्याला कापड वळवायची सवय. ट्रेलर कापडासारखा दुमडत नाही. चार चाळीसला गाडी त्या वळणावर अडकली. पुढे न्हाव्याचं दुकान, मागे भिंत. ताई गळ्यात टेप अडकवून, दोन्ही हातांनी एकाच वेळी 'ये' आणि 'थांब' असं सांगत होती. अर्धी गल्ली गोळा झाली आणि प्रत्येकाला गाडी मागे घेण्यातलं सगळं कळत होतं.

शेवटी न्हावी बाहेर आला. त्याने दुकानापुढचं बाकडं उचललं, पाटी खाली उतरवली आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला भिंतीजवळ लक्ष ठेवायला उभं केलं. ते गिऱ्हाईक मोटार शिकवण्याच्या शाळेत शिक्षक निघालं. चेहऱ्यावरचा फेस तसाच ठेवून त्याने बोटाच्या इशाऱ्यांवर गाडी आत घेतली. पाचला चार मिनिटं कमी असताना इंजिन बंद झालं आणि ड्रायव्हरचा जीव भांड्यात पडला.

ताईच्या दोन खोल्या त्याने फोनवर शंभरदा पाहिल्या होत्या, पण त्यात मशीनच्या तेलाचा वास नव्हता. जेवण होताच तिने त्याला उभं केलं. ती दर वर्षी पाठवायची ते शर्ट त्याला पोटावर घट्ट व्हायचे. ती अकरा वर्षांपूर्वीच्याच मापाने शिवत होती आणि तो दर वर्षी 'मस्त बसला' असं कळवायचा. आता तिने पोटाला टेप लावला आणि आकडा दोनदा वाचला.

"अरे, सांगायचं नाही का?"

"तू एवढ्या हौसेने पाठवतेस," तो म्हणाला.

"म्हणून श्वास रोखून घालत होतास?"

त्यावर दोघं इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. तो आठलाच झोपला, तोही सरळ पाय पसरून. केबिनमधल्या फळीवर ते जमायचं नाही.

सकाळी सहाला तो गाडी काढायला निघाला, तर ताई चप्पल घालून आधीच तयार. तिला हायवेपर्यंत गाडीत बसून यायचं होतं. पायरी उंच होती. एक पाय वर, एक खाली अशी ती थोडा वेळ लोंबकळली, मग आत येऊन ऐसपैस बसली. भिंतींवरून तिला शेजाऱ्यांची अंगणं दिसली, गच्च्या दिसल्या. हायवे आला, त्याने गाडी बाजूला घेतली, पण ती उतरेना.

"पुढच्या थांब्यापर्यंत येते," ती म्हणाली. "परतायला बस आहे."

"आणि गिऱ्हाइकं?"

"थांबतील. मी कधी कुठे जाते?"

पुढचा थांबा तीस किलोमीटरवर होता. रात्रीच्या साऱ्या गाड्या केव्हाच निघून गेल्या होत्या आणि एवढं मोठं मैदान मोकळं पडलं होतं. इतक्या जागेचं काय करावं हे त्याला क्षणभर सुचेना. मग त्याने गाडी बरोबर मधोमध लावली, आणि दोघांनी बस येईपर्यंत दोन-दोन कप चहा घेतला.