पेटी यादीत नव्हती

बॅटरी केवढी घ्यायची यावरून सभापतीच्या ओसरीत सकाळीच जुंपली. सभापती म्हणजे आमचा शेजारी. कुठल्या सभेचा ते कुणालाच ठाऊक नाही, पण चार माणसं जमली की खुर्ची ह्याची. छतावर सोलर बसल्यापासून तर गडी जमिनीवर चालत नव्हता.

वायरमन कागद घेऊन बसला. "दिवस बुडाल्यावर घरात काय काय चालतं तेवढं सांगा. त्यावरच माप ठरतं."

"लिही. माझा टीव्ही, माझे दोन पंखे, फाटकावरचा मोठा दिवा."

"बाबा, अंड्यांची पेटी राहिली," सून दारातून म्हणाली. पिल्लं उबवायची विजेची पेटी, एका वेळी साठ अंडी मावणारी. त्या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. आठ दिवस मीटर बघून तिनं टिपून ठेवलं होतं. "पेटीलाच रात्रीतून दीड युनिट लागतं. चार युनिटची तरी घ्या."

सभापती खो खो हसला. "कोंबडीला कधी बॅटरी लागली होती का गं? दोनाची बस झाली!"

मुलगा शेजारीच उभा होता. पण बापापुढं त्याची दातखीळ बसते. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं सगळा गोठाच तसला.

महिन्याभरानं दिवसभर आभाळ धरलं आणि सांजेला गावाची लाईट गेली. बॅटरी अर्धीच भरलेली. पण फुशारकी कुठं ऐकते? सभापतीनं सामना बघायला आम्हा सगळ्यांना हाका मारल्या, पंखे सोडले, फाटकावरचा दिवा लावला.

"बाबा, पंखे तरी बंद करा. पेटीतल्या नव्या अंड्यांना सतरा दिवस झालेत."

"पाहुण्यांना घामात बसवू?"

सामना रंगात आला आणि खटकन सगळं बंद पडलं. पेटीसुद्धा.

सुनेनं कंदील आणला, पेटीतली अंडी गोधडीत नीट रचली आणि तो गठ्ठा सासऱ्याच्या मांडीवर ठेवला. वरून घोंगडं पांघरलं.

"हे काय?"

"कोंबडीला बॅटरी लागत नाही ना, बाबा? मग बसा. आणि कोंबडी मध्येच उठत नसते."

आम्ही पोट धरधरून हसलो. घामानं निथळत सभापती लाईट येईपर्यंत तसाच बसला. हलला की सून नुसती बघायची. मला त्याची काडीची दया आली नाही.

चार दिवसांनी एकेचाळीस पिल्लं निघाली. एकोणीस अंडी तिनं परसात पुरली, आणि तेव्हा मात्र ती रडली.

पुढच्या आठवड्यात वायरमन पुन्हा आला, कागद काढला. "बोला, दिवस बुडाल्यावर काय काय चालतं?"

सभापतीनं तोंड उघडलं, दाराकडं बघितलं आणि मिटलं.

"तिला विचार," म्हणाला.