खोक्याचं दार

सोनाबाईनं चिमणीचं मेलेलं पिल्लू पदराच्या टोकात उचललं आणि सून वर यायच्या आत कुंडीत पुरायला घेतलं. दुसरं कठड्याशीच पडलं होतं. अंगावर अजून पीसही नव्हतं.

जिन्याखालची शिलाई मशीन थांबली. सून रेश्मा वर गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं, आत्या?"

"मांजर. समोरच्या यशोदीचं. दूध तिच्या घरचं पितंय आन् शिकार आमच्या दारात."

रेश्मानं भिंतीवरच्या लाकडी खोक्याकडं पाहिलं. चिमण्यांसाठी तिनंच ते हौसेनं आणून लावलं होतं. आता त्यातून एका साळुंकीनं पिवळी चोच बाहेर काढली, चिमणीनं रचलेली काडी खाली टाकली आणि पुन्हा आत गेली.

समोरच्या गॅलरीत यशोदाबाई धुणं वाळत घालत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"माज्या मांजराला कशाला वढताय, सोनाबाई? साळुंक्यांनी चोचीत धरून भाईर टाकली पिल्लं, मी बगितलं की. तुमीच म्हनला हुता न्हवं, सुनंला अक्कल न्हाय, दार लई बारीक हाय, सळई तापवून मोठं केलं म्हनून? बसा आता थोरल्या पावनीची सरबराई करत."

सोनाबाईनं मातीचे हात पदराला पुसले.

"ते दार मुद्दाम बारीक असतं, आत्या," रेश्मा म्हणाली. "चिमणीपुरतं. साळुंकी शिरू नये म्हणून."

एवढंच. मग तिनं दुसरं पिल्लू कुंडीत ठेवून माती सारखी केली आणि चहा ठेवायला गेली. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं; सोनाबाईजवळ उत्तरं तयार होती.

गावाकडं मंगळवेढ्याच्या रानात ज्वारीतलं कोणतं तण पुढं जाऊन पिकाच्या ताटाच्या उरावर बसेल, हे ती कोंब बघून सांगायची. बायका तिला विचारून खुरपं घालायच्या.

चहा झाल्यावर रेश्मा खाली गेली. शाळेचे गणवेश शिवून द्यायचे होते. मशीन खडखडली, थांबली. सोनाबाई जिन्याच्या तोंडाशी येऊन वाकली. बल्बच्या पिवळ्या उजेडात सून सुईला नाक टेकेल इतकी वाकून दोरा ओवत होती. चुकला. दोरा ओला करून तिनं पुन्हा धरला.

दिवाळीनंतर सोनाबाई गावाहून कायमची राहायला आली, तेव्हा मशीन वर खिडकीपाशी असायची. "मला वारा लागतो," एवढंच ती म्हणाली होती. सांजेपर्यंत तिथं तिचा पलंग पडला आणि मशीन जिन्याखाली गेली. कुणी चकार शब्द काढला नव्हता. तिला तो आपला मान वाटला होता.

"रेश्मा, वर ये. पलंगाचं हे टोक धर."

"कुठं न्यायचाय?"

"आतल्या खोलीत."

"तिथं वारा नाही, आत्या. जीव घाबरा होईल तुमचा."

"मला काय हुतंय? धर की. तोंड कशाला चालवतीस."

पलंग सरकला. खालच्या फरशीवर मशीनच्या पायांचे गंजके ठसे तसेच होते. सोनाबाई खाली बसली आणि पदरानं त्यांच्यावरची धूळ पुसू लागली. पदराला कुंडीतली माती होती. फरशी आणखीच मळली, तरी ती मान वर न करता पुसत राहिली.